अस्थिर ओव्हरक्लॉकवर ‘व्होल्टेज वाढवा’ हे उत्तर नव्हे : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा वेग वाढवल्यावर मशीन मध्येच बंद पडू लागले, की एक ठरावीक सल्ला हमखास पुढे केला जातो. त्याचा आशय असा : कोअर व्होल्टेज (प्रोसेसरच्या गणना करणाऱ्या भागांना, म्हणजे कोअरना, मिळणारे व्होल्टेज) थोडे वाढवावे आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारे चाचणीचे सॉफ्टवेअर) दहा मिनिटे चालवावे, ते पार पडले आणि तापमान ९० अंशांच्या खाली राहिले, तर हा वाढवलेला वेग, म्हणजेच ओव्हरक्लॉक, स्थिर समजावा, त्यानंतरही एखादा गेम बंद पडलाच, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा किंवा विंडोजचा मानावा. हा सल्ला सोपा आहे आणि कधीकधी लागूही पडतो, म्हणूनच तो टिकून आहे. तरीही त्यातील चारही विधाने अपुरी आहेत आणि पहिले व शेवटचे तर नुकसानकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले विधान व्होल्टेजचे. वाढवलेल्या वेगाला व्होल्टेज कमी पडणे हे अस्थिरतेचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. रॅम तिच्या झेपेपलीकडे चालवलेली असू शकते, प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) किंवा कॅशेचा (प्रोसेसरमधल्या छोट्या जलद स्मृतीचा) वेग जास्त झालेला असू शकतो, पॉवर सप्लाय कमकुवत असू शकतो. यांपैकी कशावरही कोअर व्होल्टेज वाढवून इलाज होत नाही. उलट उष्णता वाढते. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग तोच ठेवून १.२५ व्होल्टचे १.३५ केले, तरी त्या हिशेबाने वापर सुमारे १७ टक्क्यांनी चढतो आणि गळतीचा प्रवाह (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज) त्यात आणखी भर घालतो. तापलेल्या ट्रान्झिस्टरला त्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागते, म्हणून कूलर अपुरा असेल तर ही वाढ स्वतःचाच फायदा खाऊन टाकते.

शिवाय बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) भरलेला आकडा आणि प्रोसेसरला प्रत्यक्ष मिळणारे व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भार पडला की व्होल्टेज खाली येते, १.३० लावलेले असताना पूर्ण भारावर १.२२ दिसणे हे काही नवल नाही. तेव्हा एचडब्ल्यूइन्फो हे व्होल्टेज आणि तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून भाराखालचा आकडा आधी पाहावा आणि घसरण फार असेल तर लोड लाइन कॅलिब्रेशन (ही घसरण भरून काढणारे बायॉसमधील सेटिंग) मधल्या पातळीवर आणावे. ते सर्वांत वरच्या पातळीवर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण भार एकाएकी उतरल्यावर व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळते आणि ती उसळी इतकी अल्पकाळाची असते, की सॉफ्टवेअरमधील नोंदीत ती दिसतही नाही.

‘थोडे वाढवल्याने काय होते’ असे विचारणाऱ्यांनी इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण आठवावे. २०२४ मध्ये इंटेलने जाहीर केले, की उच्च व्होल्टेज आणि तापमान यांमुळे कोअरमधील क्लॉकशी संबंधित एक सर्किट झिजते आणि मग प्रोसेसरला चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेजच वाढत जाते. कंपनीने मायक्रोकोडद्वारे (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या अपडेटद्वारे) १.५५ व्होल्टपेक्षा अधिक व्होल्टेजची मागणी रोखली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र झिजलेला प्रोसेसर कोणत्याही अपडेटने पूर्ववत होत नाही. यांतील अनेक मशीन तर ओव्हरक्लॉक केलेलीही नव्हती. अस्थिर झाले की व्होल्टेज वाढवा, पुन्हा अस्थिर झाले की पुन्हा वाढवा, या चक्राचा शेवट कुठे होऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवले आहे.

व्होल्टेज वाढवणे योग्य ठरते असा प्रसंग आहेच. रॅम मूळ वेगावर आहे, तापमान मर्यादेत आहे आणि चूक फक्त जड गणनेच्या वेळीच होते, असे दिसल्यावर १० ते १५ मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी वर जाता येते. पण त्याच जागी वेग ५.२ वरून ५.१ गिगाहर्ट्झवर आणला, तर जेमतेम दोन टक्के गमावून प्रश्न सुटतो. मला विचाराल, तर बहुतेकांनी हाच मार्ग घ्यावा.

दहा मिनिटांच्या चाचणीचा दावा सर्वाधिक दिशाभूल करणारा आहे, म्हणून त्याकडे जरा बारकाईने पाहू. सिनेबेंच सर्व कोअरवर साधारण एकसारखा भार टाकते आणि रॅमला फारसा ताण देत नाही. प्राइम९५ हा मूळचा मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठीचा प्रोग्रॅम. तो आपल्या गणिताचे उत्तर बरोबर आले की नाही, हेही तपासतो. त्यामुळे विंडोज व्यवस्थित चालू असताना, पडद्यावर काहीही बिघडलेले दिसत नसताना, त्याच्या एखाद्या वर्करच्या (स्वतंत्रपणे गणना करणाऱ्या त्याच्या एका भागाच्या) चौकटीत ‘राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते’ अशा अर्थाची ओळ उमटते आणि तेवढाच वर्कर थांबतो. प्रोसेसर चुकीचे उत्तर देऊनही मशीन चालूच राहू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

दुसरी बाजू एएमडीच्या रायझन प्रोसेसरांची. कर्व्ह ऑप्टिमायझर (वेगानुसार मिळणारे व्होल्टेज कमी-जास्त करणारे सेटिंग) ऋण केला, म्हणजे व्होल्टेज घटवले, की सर्व कोअरवर भार असताना वेग आणि व्होल्टेज दोन्ही खालच्या पातळीवर असतात आणि मशीन रात्रभर तग धरते. मात्र सकाळी ब्राउझर उघडताना एकच कोअर सर्वोच्च बूस्टला (आपोआप गाठल्या जाणाऱ्या कमाल वेगाला) जातो आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होते. अशा वेळी एकेका कोअरवर आळीपाळीने प्राइम९५ चालवणारे कोअरसायक्लर कामी येते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘व्हिया-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदीही अवश्य पाहाव्यात. क्रमांक १८ च्या नोंदीत एपिक आयडी, म्हणजे चूक झालेल्या थ्रेडचा क्रमांक, दिलेला असतो. एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) चालू असलेल्या आठ कोअरच्या रायझनमध्ये तो १० असेल, तर शून्यापासून मोजत गेल्यावर येणारा कोअर ५ दोषी असतो. मग फक्त त्या कोअरचा ऋण आकडा शून्याच्या जवळ आणायचा, सगळ्यांचा नव्हे. क्रमांक १९ ची नोंद दुरुस्त झालेल्या चुकीची असते; मशीन बंद पडले नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

तापमानाबद्दल थोडक्यात. ९० अंशांच्या खाली असणे हे कूलर पुरेसा असल्याचे लक्षण आहे, व्होल्टेज सुरक्षित असल्याचे नव्हे. झीज व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान या तिघांवर अवलंबून असते. खोलीचे तापमानही धरावे लागते. नागपूरला जानेवारीत काटेकोर बसवलेला ओव्हरक्लॉक मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत, तसाच टिकेल असे मानता येत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष देण्याचा सल्लाही तपासून पाहू. अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरील अनेक गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन गेम बंद पडत असे आणि लोक ड्रायव्हर बदलत बसत. प्रत्यक्षात वर उल्लेखलेल्या इंटेल प्रोसेसरांवर शेडरचा (चित्र रेखाटणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) दाबून साठवलेला डेटा उलगडताना प्रोसेसरच चुकत होता. ऊडल हे डेटा उलगडण्याचे तंत्र बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने परफॉर्मन्स कोअरचा (जलद, मुख्य कोअरचा) मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, ५५ वरून ५३ वर आणण्याचा उपाय सुचवला होता. संदेशात व्हिडिओ मेमरीचे नाव आणि दोष प्रोसेसरचा, असे हे उदाहरण आहे.

या सल्ल्यात रॅमचा उल्लेखच नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या जाहिरात केलेल्या वेगावर चालवणारी बायॉसमधील तयार सेटिंग) हे ‘नेहमीचे सेटिंग’ नसून ओव्हरक्लॉकच आहे. रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन कांड्यांसाठी डीडीआर५-५२०० आणि चार कांड्यांसाठी ३६०० आहे. ६००० ची रॅम लावून एक्स्पो चालू केले, की आपण त्या मर्यादेबाहेर असतो. म्हणून शोधाची सुरुवात बायॉस मूळ सेटिंगवर आणून करावी. तिथेही मशीन कोसळत असेल, तर प्रश्न ओव्हरक्लॉकचा नाही. तिथे ते टिकले, तर आधी फक्त प्रोसेसरचा वेग वाढवून पाहावे, मग तो मूळ ठेवून फक्त रॅमचा. दोन्ही एकदम कधीच वाढवू नयेत. रॅमसाठी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवावे, म्हणजे विंडोज मध्ये येत नाही.

विंडोज पुन्हा टाकायची वेळ आलीच, तर मशीन मूळ सेटिंगवर आणल्यानंतरच ती टाकावी. अस्थिर अवस्थेत केलेल्या इन्स्टॉलेशनमध्ये फाइली उलगडतानाच बिघडू शकतात आणि मग ओव्हरक्लॉक काढल्यावरही क्रॅश सुरूच राहतात. आधीच्या क्रॅशांमध्ये सिस्टिमच्या फाइली खराब झाल्या असतील, तर त्या दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या डिझम आणि एसएफसी स्कॅननाउ या आज्ञाही मूळ वेगावरच चालवाव्यात.