फीवर दहा टक्के धरून भागत नाही

"शाळेच्या फीवर दहा टक्के जास्त धरा, विशेष गरजा असलेल्या मुलाचं बजेट बसतं" हे मुलांच्या शाळेच्या खर्चावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, दुसरीत, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो नि शाळा गंगापूर रोडला, आणि फी हा आमचा मोठा खर्च नाहीच, शॅडो टीचरचा (वर्गात त्याच्यासोबत बसून मदत करणाऱ्या शिक्षकाचा) पगार शाळा देत नाही तो आपणच द्यायचा, वर स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी थेरपी), शिवाय व्हॅनवाले काका त्याला न्यायला तयार नाहीत म्हणून रिक्षा वेगळी. मे महिन्यात शाळा बंद, पण थेरपी चालूच असते, हे तर कुणी धरतच नाही.

आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, साधा उल्लेखही नाही लेखात! ४०% किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत मोफत प्रवेशासाठी राखीव) २५% जागांना उत्पन्नाची अट नाही, आयकराच्या जुन्या करप्रणालीत पालकांना ८०डीडी कलमाखाली ७५,००० ची वजावट मिळते, ऑटिझमसाठी निरामय हा सरकारी आरोग्य विमा १ लाखापर्यंत आहे, त्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. आम्हाला शाळेच्या ऑफिसात यातलं कुणी काही सांगितलं नाही. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी कार्डाचं काम आत्ताच सुरू करा, आरटीईचा प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो, नंतर दुसरी-तिसरीत अर्ज करता येत नाही.