कंदील घरीच करा, पण खळ शिजवून

दिवाळी जवळ आली की घर स्वस्तात सजवण्याचे व्हिडिओ धो धो वाहायला लागतात. आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या सीडी, पाण्याच्या बाटल्यांचे तळ, त्यावर सोनेरी स्प्रे आणि वरून टिकल्या. माझं मत सरळ आहे. यातलं निम्म्याहून जास्त सामान भाऊबीजेनंतर कचऱ्यात जातं. आणि गोंदाची बंदूक, स्प्रे, मोती, लेस यांची बिलं जोडलीत तर ते स्वस्तही पडत नाही. थर्मोकोलची मखरं आणि कमानी तर राज्यात 2018 पासून बंदच आहेत, तरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात हा भाग वेगळा.

दिवाळीत घर दिसतं ते रात्री, उजेडात. म्हणून पैसे कमी असतील तर ते दहा ठिकाणी दहा लटकणं लावण्यात उडवू नका. एकच बांबूच्या कामट्यांचा, पतंगाच्या कागदाचा आकाशकंदील करा. सांगाडा नीट झाला तर तो पुढची काही वर्षं चालतो, दर वर्षी फक्त कागद बदलायचा. मुलांना हाताशी घेऊन करायला यापेक्षा चांगलं काम मला माहीत नाही. यात मोजणं आहे, बांधणं आहे, चिकटवणं आहे, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते लगेच दिसतं.

आता नीट सांगतो.

सगळ्यात सोपा आणि मजबूत कंदील चार चौकोनांचा. चार चौकोन कोपऱ्यावर उभे, त्यांच्या मध्ये वर चार आणि खाली चार त्रिकोण, वरचं आणि खालचं तोंड उघडं. याची गंमत अशी की यात लागणाऱ्या चोवीसच्या चोवीस काड्या एकाच लांबीच्या असतात. चौकोनांच्या सोळा, वरच्या तोंडाच्या चार, खालच्या चार. बाजू 20 सेंटीमीटर धरली तर कंदिलाची उंची साधारण 28 सेंटीमीटर आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रुंदी 40 सेंटीमीटर होते. फ्लॅटच्या गॅलरीला हे माप बरोबर बसतं.

कामट्या बुरुडाकडून घ्या. पुण्यात बुरूड आळी आहे, इतर गावांतही टोपल्या-सुपं विणणारे असतातच. पाच मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड कामटी मागा. वाळलेली हवी. ओली हिरवी कामटी वाकते छान, पण वाळली की आकसते आणि सगळ्या गाठी सैल पडतात. सहा फुटी चार कामट्या पुरतात, पाचवी मोडतोडीसाठी. तीन कामट्यांतून प्रत्येकी साडेएकवीस सेंटीमीटरचे आठ-आठ तुकडे निघतात, चौथीतून 30 सेंटीमीटरचे सहा. हे सहा कशाला ते पुढे येईलच. कापण्याआधी कामट्यांवरून काचपेपर फिरवा. कामटीची कूस बोटात गेली की मुलांचा उत्साह तिथेच संपतो.

तुकडे साडेएकवीसचे असले तरी बांधायचं 20 वर. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून पाऊण सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि खुणेवर खूण ठेवून बांधा. इथे आळस केला तर पुढे कंदील मिटत नाही. चार-पाच काड्या अर्ध्या सेंटीमीटरने जरी चुकल्या तरी शेवटच्या कोपऱ्यात ओढाताण होते आणि सगळी कुरूपता त्या एका कोपऱ्यात गोळा होते. लाकडी फळीवर 20 सेंटीमीटर अंतराने दोन खिळे ठोकून ठेवलेत तर आठ-नऊ वर्षांचं मूलसुद्धा चोवीस काड्यांवर अचूक खुणा करतं.

दोरा साधा सुती, जरा जाडसर. मांजा अजिबात नको, बोटं कापतात. कोपऱ्यावर दोन काड्या एकमेकींवर आडव्या ठेवून एका तिरक्या दिशेने तीन वेढे, दुसऱ्या तिरक्या दिशेने तीन, आणि मग दोन काड्यांच्या मधून दोन वेढे घेऊन आवळायचं. हे मधले वेढे लोक विसरतात, आणि मग गाठ काडीवरून सरकत राहते. चौकोन बांधून झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 28.3 च्या जवळ आले पाहिजेत. एक 27 आणि दुसरा 29 येत असेल तर चौकोन कललेला आहे. हाताने दाबून सरळ करा आणि 30 सेंटीमीटरच्या तुकड्यांपैकी एक कर्णावर, आतल्या बाजूने बांधून टाका. चारही चौकोनांना असेच चार तुकडे. उरलेले दोन नंतर.

आता चारही चौकोन असे उभे करा की हा आधाराचा तुकडा वर-खाली उभा येईल. शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा, पण सैल. चार गाठींत कडं तयार होतं. वरचे चार कोपरे चार काड्यांनी जोडा, खालचे चार खालच्यांनी. सगळं जागेवर बसलं की मगच एकेक गाठ आवळायची. आधीच आवळत गेलात तर शेवटची काडी कधीच बसत नाही.

एवढं झालं तरी सांगाडा हातात धरून पिळला तर पिळला जातो. इथे बरेच जण घाबरतात आणि गाठींवर गाठी मारत बसतात. गाठींचा दोष नसतो. त्रिकोण ताठ असतो, चौकोन नसतो, आणि या आकारात सहा चौकोन आहेत. चार बाजूंचे आपण आधीच कर्ण घालून बांधले. उरले वरचं आणि खालचं तोंड. तिथे ते राहिलेले दोन तुकडे तिरपे बांधा. सहावा बांधला की सांगाडा दगडासारखा होतो. वरच्या तिरप्या तुकड्यालाच पुढे दिव्याचा होल्डर लटकवायचा, म्हणजे एका काडीत दोन कामं. बाहेर आलेली टोकं कापा आणि गाठींना पांढऱ्या गोंदाचा एकेक थेंब लावा. अख्ख्या कंदिलात गोंद फक्त इथे.

मोठा कंदील हवा म्हणून सहा किंवा आठ चौकोनांचा करायला निघालात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे सगळ्या काड्या सारख्या नसतात. 20 सेंटीमीटरचे सहा चौकोन असतील तर वर-खाली जोडणाऱ्या काड्या साडेचोवीसच्या लागतात, आठ चौकोनांना सव्वीसच्या. सवयीने 20 च्याच जोडल्या तर वरचे आणि खालचे कोपरे आत खेचले जातात, चौकोन मधोमध दुमडतात आणि कंदील पोट फुगल्यासारखा दिसतो. सहाचा कंदील 56 सेंटीमीटर रुंद होतो, तेव्हा आधी गॅलरी मोजा.

कागद. पतंगाचा कागद साधारण 50 बाय 75 सेंटीमीटरच्या तावात मिळतो, आणि या मापाला बरोबर तीन ताव लागतात. पहिल्या तावातून 23 सेंटीमीटरचे सहा चौकोन निघतात, चार वापरायचे, दोन ठिगळाला ठेवायचे. दुसऱ्यातून त्रिकोण: ताव लांबीत 22 सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्यांत कापा आणि प्रत्येक पट्टीत एक सुलटा एक उलटा असे चार त्रिकोण आखा, बाजू 25 सेंटीमीटर. दोन पट्ट्यांत आठ. तिसरा ताव झिरमिळ्यांचा. त्याचे चार सारखे भाग करा, प्रत्येक भाग 25 बाय साडेसदतीस. वरचे पाच सेंटीमीटर सोडून खाली दीड सेंटीमीटरच्या पट्ट्या कातरा. चारही भाग एकावर एक ठेवून एकदम कातरले तर पट्ट्या सारख्या येतात, मात्र कात्री धारदार हवी.

जिलेटिन कागद मी टाळायला सांगेन. दुकानात चमकतो म्हणून मुलं तोच मागतात. पण तो उजेड पसरवत नाही, आतला दिवा आणि वायर जशीच्या तशी दिसते, आणि मैद्याच्या खळीने चिकटत नाही. पतंगाचा कागद उजेड धरतो, सगळा पृष्ठभाग उजळतो.

खळ हा या कामाचा जीव आहे. दोन मोठे चमचे मैदा आधी पाव वाटी थंड पाण्यात कालवा, एकही गाठ राहता कामा नये. मग पाऊण वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरट मिश्रण जरा पारदर्शक दिसू लागलं आणि चमच्यावरून सावकाश ओघळू लागलं की उतरवा. गार झाली की आणखी घट्ट होते, त्यामुळे गॅसवर पातळ वाटली तरी चालेल. जुन्या पद्धतीत खळीत मोरचूद टाकायचे, किडे लागू नयेत म्हणून. ते विषारी आहे. मुलं हात घालणार असतील तर नको. दोन दिवसांत आंबते, तेव्हा ताजी करा.

पांढरा गोंद का नको? तो कागदावर काचेसारखी रेघ सोडतो, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी कागद निघत नाही, कामटीसकट सोलतो. खळीचा कागद ओल्या फडक्याने पुसला की दहा मिनिटांत सुटतो. दर वर्षी नवा कंदील फुकटात होतो तो या एका कारणाने.

खळ कागदाला लावू नका, कामटीला लावा. पतंगाचा कागद ओला झाला की हाताला येतो. आधी चारही चौकोन, मग त्रिकोण. एक बाजू चिकटवा, मग समोरची हलकी ताणून, मग उरलेल्या दोन. दीड सेंटीमीटरचा जास्तीचा कागद कोपऱ्यावर कातरून कामटीवरून आत दुमडा. त्रिकोणाची दुमड मात्र शेजारच्या चौकोनाच्या कडेवर बाहेरूनच बसवा. फार ताणलंत तर वाळताना कोपऱ्यातून फाटतो. बारीक सुरकुत्या घालवायच्या असतील तर स्प्रेच्या बाटलीने लांबून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, वाळताना कागद ताठ होतो. पण लाल, हिरवे, जांभळे कागद रंग सोडतात. आधी उरलेल्या तुकड्यावर फवारून पाहा. वाळवायचं सावलीत. जोडांवर एक सेंटीमीटरची सोनेरी पट्टी लावली की चिकटवण्यातला सगळा गबाळेपणा झाकला जातो.

चौकोनातला उभा आधार दिवा लावल्यावर सावलीची रेघ टाकतो. ती खुपत असेल तर चौरस कागद घडी करून जाळीसारखा कातरा आणि मधोमध चिकटवा. हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या. मात्र एरवी मुलांना फक्त टिकल्या चिकटवायला बसवणं मला पटत नाही. गाठी त्यांनाही मारू द्याव्यात, सैल झाल्या तर सोडून पुन्हा.

दिवा 3 ते 5 वॉटचा एलईडी पुरे. जुना 40 वॉटचा पिवळा दिवा घरात पडलाय म्हणून तो आत घालू नका, त्याची काच भयंकर तापते आणि कागद हातभर अंतरावरही नसतो. रंग निवडताना दिव्याचा विचार करा. केशरी, लाल, पिवळ्या कागदाला उबदार पिवळसर उजेड हवा, दिव्याच्या खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्व्हिन लिहिलेलं असतं. 6500 चा पांढराफटक दिवा केशरी कागदात मळकट दिसतो, निळ्या-हिरव्याला मात्र तोच शोभतो. कंदील वायरवर कधीही टांगू नका. वरच्या चार कोपऱ्यांना दोरी बांधून भार दोरीवर घ्या, वायर ढिली सोडा. वरच्या मजल्यांवर वाऱ्याने गरगर फिरतो, तेव्हा खालच्या तोंडाच्या काडीला आणखी एक दोरी बांधून ती कठड्याला अडकवा. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर छज्जाच्या आत टांगा. भिजलेला पतंगाचा कागद वाचवता येत नाही, ठिगळाचे दोन चौकोन त्यासाठीच आहेत.

परदेशात असाल आणि बुरूड मिळणार नसेल, तर बार्बेक्यूच्या 30 सेंटीमीटरच्या बांबूच्या काड्या घ्या. बारा काड्या अर्ध्या केल्या की चोवीस तुकडे. साडेतेरावर बांधा, आधारासाठी सहा काड्या अख्ख्या ठेवून जास्तीचं कापून टाका. 19 सेंटीमीटर उंचीचा कंदील अठरा काड्यांत होतो. भेटवस्तूंभोवती गुंडाळायचा पातळ टिश्यू कागद पतंगाच्या कागदाची जागा घेतो. इकडेही अगदी छोटे कंदील करायचे तर खराट्याचे हीर चालतात, 10 सेंटीमीटरवर बांधायचे. ते गोल असल्यामुळे गाठ फिरते, म्हणून प्रत्येक गाठीला लगेच गोंद.

तुळशीचं लग्न झालं की कागद काढून सांगाडा पुसा, दोन दिवस वाळवा आणि माळ्यावर ठेवण्याऐवजी खिळ्याला टांगा. खळीचा अंश राहिला तर झुरळं आणि उंदीर तो शोधत येतात, आणि खाता खाता दोरासुद्धा कुरतडतात.