नुसता पाऊस पडतोय, बाई बोलतच नाही

"आता सीडी कोण वापरतं साहेब?" हे वाक्य यापुढं कुणी माझ्या तोंडावर टाकलं तर मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उपोषणाला बसणार आहे. माझी आत्या वापरते. सांगलीत गावभागात राहते, ऐंशी ओलांडलीय, काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलीय. उशाशी जुना सीडी प्लेअर आहे आणि त्याची बटणं तिच्या बोटांना पाठ आहेत. झाकण उघडायचं, चकती बसवायची, झाकण दाबायचं, मोठं बटण. झालं काम. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर ती काय चाचपडणार, कपाळ?

तिला सिनेमे ऐकायचेत. हो, ऐकायचेत. लोक यावर दात का काढतात ते मला अजून कळलेलं नाही. आकाशवाणी सांगलीवरच्या श्रुतिका ऐकत पोळ्या लाटलेली बाई आहे ती. 'शोले'च्या (1975) संवादांची रेकॉर्ड निघाली होती आणि धो धो खपली होती, तेव्हा नाही कुणी हसलं. आत्याच्या होत्या त्या सगळ्या सीड्या 2019 च्या ऑगस्टात पुराच्या गाळात गेल्या. प्लेअर माळ्यावर चढवला होता म्हणून राहिला. सिनेमे घरच्या कॉम्प्युटरवर आहेत. मागणी काय, तर चित्र बाजूला काढा, आवाज चकतीवर घाला, आणि ती चकती त्या प्लेअरवर वाजली पाहिजे. यात चंद्रावर जायचं काही नाही.

माझ्या लॅपटॉपला सीडीचा खणच नाही (आता बहुतेक नव्या लॅपटॉपला नसतो, ते वेगळं दुखणं), म्हणून पहिल्यांदा दुकानात गेलो. "करून देतो की, त्यात काय एवढं." पैसे आधी. संध्याकाळी चकती हातात. प्लेअर थोडा वेळ घरघरला आणि 'नो डिस्क' म्हणून गप्प. घरी आणून बघतोय तर पठ्ठ्यानं सिनेमाची फाइल जशीच्या तशी सीडीवर उतरवलेली. चित्रासकट! परत गेलो. त्यानं माझ्यादेखत फाइलच्या नावातलं शेपूट पुसलं, तिथं एमपी थ्री लिहिलं आणि "आता वाजंल" म्हणाला. पाटी बदलल्यानं दुकानातला माल बदलतो काय रे भल्या माणसा?

तिसऱ्या वेळी खरोखर एमपी थ्री, म्हणजे दाबून बारीक केलेली आवाजाची फाइल केली, पण चकती डेटाची, म्हणजे नुसत्या फाइली साठवलेली. "माझ्या गाडीत वाजती की." तुझ्या गाडीतला प्लेअर एमपी थ्री वाचणारा आहे, आत्याचा नाही! जुन्या प्लेअरला फाइल नावाची चीजच माहीत नाही. त्याला 1980 साली फिलिप्स आणि सोनीनं ठरवलेली ऑडिओ सीडी लागते: सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डावी-उजवी अशा आवाजाच्या दोन वाहिन्या (चॅनेल), कुठलंही आकुंचन नाही. सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच 'डेटा सीडी' की 'ऑडिओ सीडी' असं विचारतात. एवढा एकच प्रश्न. तो न वाचता पुढं-पुढं दाबत जायचं आणि वर गिऱ्हाइकाला म्हणायचं, तुमचा प्लेअर गेलाय.

त्यात 700 एमबीचा घोळ. अडीच तासांच्या सिनेमाचा आवाज 128 केबीपीएसच्या एमपी थ्रीत साधारण 144 एमबी होतो. मग 700 एमबीच्या चकतीवर चार सिनेमे बसतील, असा हिशोब मला तोंडावर ऐकवला गेला. नाही बसत! ऑडिओ सीडी वेळेवर चालते, फाइलच्या आकारावर नाही. 80 मिनिटं झाली की चकती भरली. तुम्ही फाइल कितीही दाबून बारीक करा, लिहिताना ती परत फुगवूनच लिहिली जाते. म्हणजे अडीच तासांच्या एका सिनेमाला दोन चकत्या. हे मी दुकानदाराला समजावून सांगायचं, आणि पैसेही मीच द्यायचे.

मग घरच्या हुशारांची पाळी. आत्याचा नातू पुण्यात आयटीत आहे. "काका, स्मार्ट स्पीकर घ्या आणि विषय संपवा." घेतला होता रे बाबा. तो बोलणारा स्पीकर आत्याच्या हाकेला ओ देत नाही, आणि वायफाय गेलं की इंग्रजीत काहीतरी पुटपुटतो. आत्यानं त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलाय. शेवटी नातवानंच सुट्टीत आल्यावर लॅपटॉप काढला, बाहेरून जोडायचा सीडी रायटर आणला आणि दहा मिनिटांत "डन" म्हणून चकती काढून दिली. ऑडिओ सीडी! वाजली! मी पेढे आणायच्या बेतात.

आत्या कान देऊन ऐकत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "अरे, यात नुसता पाऊस पडतोय. बाई बोलतच नाही."

मी कान लावला. खरंच की. पाऊस स्वच्छ, पैंजण स्वच्छ, मागची व्हायोलिनं स्वच्छ, दार आपटल्याचा आवाज तर असा की आत्या दचकली. आणि माणसं? पाच खोल्या पलीकडं कुणीतरी तोंडात पदर धरून बोलतंय तसं. कारण सिनेमाचा आवाज सहा वाहिन्यांचा होता: पुढं डावी-उजवी, मधली, मागच्या दोन आणि एक धडामधुडूमची. संवाद बहुतेक सगळे मधल्या वाहिनीत असतात. नातवाच्या प्रोग्रॅमनं पहिल्या दोन उचलल्या आणि बाकीच्या टाकून दिल्या. म्हणजे चित्र तर आपण काढलंच होतं, यानं माणसंही काढली! सहाच्या दोन करताना मधली वाहिनी डाव्या-उजव्या दोन्हींत मिसळायची असते. एफएफएमपेगसारखं फुकटचं साधन हे एका ओळीच्या आज्ञेत करतं, आणि सिनेमातला 48,000 नमुन्यांचा आवाज 44,100 वरही आणतं. पण नातवाला ते "जुनाट" वाटलं. त्याला रंगीत बटणांचं हवं होतं.

रंगीत बटणांचंही सांगतो. 'व्हिडिओतून आवाज काढा, मोफत' म्हणून जे जे मिळतं त्यात डाउनलोडची हिरवी बटणं ढीगभर, खरं कुठलं ते देवाला माहीत. त्यातलं एक घेतलं, तर फक्त सुरुवातीची काही मिनिटंच बाहेर काढतं, पुढचं पैसे भरल्यावर. दुसरं पूर्ण काढतं, पण ऐन रडारडीच्या प्रसंगात एक गोरी बाई येऊन ही ट्रायल आवृत्ती आहे असं सांगून जाते. आत्या म्हणाली, "ही कोण नवीन सून?"

ही सांगली आहे. नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आपण. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हा ना माइक होता ना वीज, तरी नटाचा शब्द लोकांच्या कानावर जात होता. आणि आज कॉम्प्युटर, रायटर, आयटीतला नातू एवढं सगळं गोळा करून एका म्हातारीच्या उशापर्यंत नायिकेचं एक वाक्य पोचवता येईना!

शेवटी रायटर माझ्याकडं ओढून घेतला. आवाज नीट काढला. संवाद हळू आणि गाणी कर्कश होती, म्हणून ऑडासिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये चढ-उतार जरा चेपून घेतले. (ऑडासिटी सिनेमाची फाइल थेट उघडत नाही, एफएफएमपेगची लायब्ररी, म्हणजे त्याचा जोडभाग, वेगळी जोडावी लागते, हेही कुणी आधी सांगत नाही.) तासाभराचा एकच ट्रॅक ठेवला तर आत्याला हवा तो प्रसंग सापडणार नाही, म्हणून पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले. तर सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं न विचारता दोन तुकड्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घातली. नायक म्हणतो "मी तुला", मग सामसूम, मग "विसरू शकत नाही." आख्खी चकती एका दमात लिहायची, म्हणजे डिस्क-अ‍ॅट-वन्स निवडायचं आणि मधली जागा शून्य करायची, हे मेनूत कुठंतरी तिसऱ्या घडीत लपवलेलं.

आणि सगळं जुळल्यावर दुकानदारानं गळ्यात मारलेल्या चकत्या निघाल्या आरडब्ल्यू. परत परत पुसून लिहिता येणाऱ्या. "ही भारीतली आहे साहेब." भारीतली आहे, पण तिच्यावरून प्रकाश इतका कमी परततो की बऱ्याच जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही. स्क्रीनवर मात्र 'बर्न यशस्वी' असं हिरव्या अक्षरांत लिहून येतं. कुणाचं यश? प्लेअरला विचारलंत का?

कपाटाच्या तळाशी एकच साधी सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी चकती, सापडली, तिच्यावर मध्यंतरापर्यंतचा सिनेमा उतरला. वाजतोय. बाई बोलतेय. आत्यानं तो ऐकून पाठ केलाय आणि आता दिवसातून दोनदा फोन येतो, "अरे, पुढं त्या पोराचं काय झालं?" पुढचं लिहायला चकती नाही. मारुती रोड झाला, हरभट रोड झाला, विश्रामबाग झालं, मिरजेत बघून आलो. सगळीकडं पेन ड्राइव्ह पुढं करतात. सांगली-मिरजेत कुणाच्या घरी कोऱ्या सीडी-आर पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जातो, सांगाल ते पैसे देतो. आरडब्ल्यू नको. आणि "स्पीकर घ्या" म्हणून सांगणाऱ्यांनी कळवूच नका.