तर्रीचा घाट

आमचा सायकलींचा गट आहे, असं आम्ही चारचौघांत सांगतो. खरं तर गट मिसळीचा आहे. सायकली मागाहून आल्या, आणि त्याही लाजेखातर. पन्नाशीला टेकलेली माणसं दर रविवारी मोटारीत बसून वीस किलोमीटरवर मिसळ खायला जातात, हे कुणाला सांगायची सोय नसते. तीच माणसं हेल्मेट घालून निघाली की सोसायटीचा वॉचमनसुद्धा उठून उभा राहतो. मिसळ तीच, कटाच्या वाट्याही तेवढ्याच.

गटात एक मास्तर आहेत, भौतिकशास्त्राचे, निवृत्त. एक दंतवैद्य आहेत. त्यांचा मेहुणा ब्रेव्हे करतो, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्केही मारून घेतो. त्या मेहुण्याचं कौतुक दंतवैद्य इतक्या आपलेपणाने सांगतात, की ऐकणाऱ्याला ते स्वतःच जाऊन आल्यासारखे वाटतात. तिसरा आमचा कार्बन. त्याचं खरं नाव आता कुणी घेत नाही. त्याची सायकल कार्बन फायबरची, एका बोटावर उचलली जाते, आणि भेटेल त्याला तो ती उचलून बघायला लावतो. चौथ्या बँकेतल्या ताई. त्यांची सायकल बिनगिअरची, पुढे टोपली असलेली, मुलगी शाळेत असताना घेतलेली. ताई सगळ्यांच्या आधी पोचतात आणि ऑर्डर देऊन ठेवतात. याची चर्चा आम्ही करत नाही.

माझी सायकल आली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. शनिवार पेठेतून रोज सायकलने जायचे आणि यायचे, कॅरिअरला पोळीभाजीचा डबा. त्या काळी रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली किंवा कुणाला डबलसीट घेतलं की हवालदार धरायचा. त्यामुळे सायकल म्हणजे काय काय असायला हवं याचा बाबांचा हिशोब पक्का.

"स्टँड?"

"नसतो याला."

"कॅरिअर? मडगार्ड? घंटी?"

"वजन वाढतं, बाबा."

बाबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, पण ते सज्जन गृहस्थ आहेत. एवढंच म्हणाले, "या किमतीत निदान स्टँड तरी द्यायचा."

पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचं, चांदणी चौक चढायचा, भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटा घाट, आणि तो उतरून थोडं पुढे गेलं की मिसळ. जातानाचा प्रवास सांगण्यासारखा नाही. रिकामं पोट आणि पुढे तर्री असली की माणूस काहीही चढतो. चांदणी चौक तेवढा जपून. २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे तिथला जुना पूल स्फोटाने पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून तिथे इतके रस्ते एकमेकांच्या वरून-खालून जातात की अर्धवट झोपेतला सायकलवाला चुकीच्या फाट्याला लागला, तर थेट वारज्याकडे उतरतो. कार्बनचं हे झालं आहे. उतार आहे म्हणून खुशीत गेला. आम्ही भूगावच्या टपरीवर चहा घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला, की पौड रस्त्यावर मुंबई-बंगळूरच्या पाट्या कशा काय लागल्या.

हॉटेलात शिरणं हा एक वेगळाच सोहळा. बुटांना खाली लोखंडी खिळपट्ट्या असतात, पेडलमध्ये अडकवायच्या. फरशीवर त्या टक्‌टक्‌ वाजतात आणि ओल्या फरशीवर घसरतात. शिवाय आत गादी शिवलेली चड्डी. या अवतारात आम्ही कुटुंबवत्सल लोकांच्या टेबलांमधून वाट काढतो तेव्हा लहान मुलं खाणं थांबवून बघतात. कार्बन कधीही मिसळीकडे तोंड करून बसत नाही, सायकलीकडे तोंड करून बसतो. सायकलीला स्टँड नसल्यामुळे ती उसाच्या गुऱ्हाळाला टेकवलेली असते, आणि गुऱ्हाळवाला दर पाच मिनिटांनी ती सरकवतो. बिचाऱ्या कार्बनने इतक्या वर्षांत शेव कुठली आणि फरसाण कुठलं, हे नजरेने पाहिलेलं नाही.

मग वाद. मास्तर मूळचे कोल्हापूरचे, त्यांना स्लाइस ब्रेडच लागतो. दंतवैद्यांचं सासर नाशिकचं, त्यामुळे पाव आणि काळा मसाला याखेरीज बोलणंच नाही. ताई पक्क्या पेठेतल्या. मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी नसेल तर ती उसळ झाली, असं त्यांचं मत. मला स्वतःला हल्लीच्या थाळीचा राग आहे. मिसळ मागवावी तर दही, पापड, ताक, गुलाबजाम असा सगळा लग्नाचा रुखवत येतो आणि मधे एका वाटीत मिसळ अंग चोरून बसलेली. बाहेर पाटी 'चुलीवरची मिसळ'. चूल दारात, फोटोपुरती. आतून गॅसचा सूं सूं आवाज येत असतो. पण कट मात्र हवा तेवढा, पैसे एकदाच. हे शेवटचं वाक्य कुठल्याही पाटीवर दिसलं की आमचे सगळे वाद मिटतात.

एकदा कटाची तिसरी वाटी येत असताना मास्तरांनी टिश्यूपेपरवर हिशोब मांडला. आदल्या रविवारी आम्ही वर्षातून एकदा करतो ती सिंहगडाची चढाई केली होती. डोणज्यापासून वर जायचं, गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि आपण कुणीतरी आहोत असं समजत उतरायचं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आम्ही त्या दिवशी एकमेकांना तसंच काहीतरी म्हणत होतो.

"तुमचं आणि सायकलचं मिळून वजन धरू पंच्याऐंशी किलो," मास्तर म्हणाले. वाटणी त्यांनी विचारली नाही, मीही सांगितली नाही. "चढ साधारण सहाशे मीटर. गुणिले नऊ पूर्णांक आठ. झाले पाच लाख जूल."

पाच लाख ऐकून आम्हाला बरं वाटलं. दंतवैद्यांनी तर दही आणखी मागवलं.

"आता याच्या कॅलरी करू," मास्तर पुढे म्हणाले. "आपण खाण्याच्या बाबतीत म्हणतो त्या. एकशेवीस."

"एकशेवीस हजार?"

"एकशेवीस. एक मोठा चमचा तेल."

टेबलावर शांतता पसरली. तेवढ्यात पोऱ्याने कटाची वाटी आणून ठेवली. वर तर्री तरंगत होती, लालभडक, चांगली बोटभर. आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. सिंहगड तिथे होता. तानाजी मालुसऱ्यांनी ज्याच्यासाठी १६७० मध्ये जीव दिला तो गड, आम्ही धापा टाकत, जिभा बाहेर काढत जो चढलो, तो अख्खा त्या वाटीत मावून वर जागा उरत होती.

"नाही, तसं नाही," मास्तर आमची तोंडं बघून म्हणाले. ते मनाने वाईट नाहीत. "शरीर काही इतकं कार्यक्षम नसतं. जाळतं त्याच्या चौथाई कामाला लागतं, बाकीची उष्णता. म्हणजे प्रत्यक्षात चौपट जळतं. चार चमचे धरा."

"चार चमचे!" दंतवैद्यांना धीर आला. "म्हणजे दोन वाट्या कट तरी..."

"भाकरीचं राहिलं," ताई म्हणाल्या. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, हे त्यांना तोंडपाठ आहे. भाकऱ्या कुणी किती खाल्ल्या तेही त्यांच्या लक्षात होतं. बँकेतल्या बाईपुढे हिशोब काढू नये.

त्या टिश्यूपेपरने मग कार्बनने सायकलची साखळी पुसली.

पण खरी परीक्षा असते ती परतीला. सायकलीबद्दल इतकं लिहितात, गिअर कुठला, टायरमध्ये हवा किती, वाटेत पाणी कधी प्यावं. पोटात दोन वाट्या कट घेऊन हँडलवर वाकल्यावर काय होतं, याविषयी कुणी एक अक्षर लिहीत नाही. या सायकलींचं हँडल खाली असतं. वाऱ्याला अडथळा नको म्हणून माणसाने कंबरेत मोडून पुढे झुकायचं. आता पोट मधोमध दुमडलं की आतला ऐवज जाणार कुठे? पहिल्या किलोमीटरला कांदा परत भेटतो. दुसऱ्याला लसूण. घाटाच्या माथ्याशी तर्री स्वतः वर येते. ताई ताठ बसून जातात, त्यांच्या सायकलचं हँडल उंच आहे. कार्बनचं सगळ्यांत खाली, म्हणून तो सगळ्यांत जास्त भोगतो. त्या सायकलीचं वजन जितकं कमी, तितका त्याचा ढेकर मोठा.

आणि सकाळी जो उतार म्हणून हसत उतरलो, तोच आता पिरंगुटहून चढ झालेला असतो. साडेनऊचं ऊन. शेजारून वाळूचे डंपर. दंतवैद्य इथे हमखास उतरून टायर दाबून बघतात. टायरला कधीही काही झालेलं नसतं. मास्तर झाडाखाली उभे राहून आम्हाला समजावतात, की जेवणानंतर रक्त पोटाकडे जातं आणि पायांना कमी पडतं, म्हणून इथे थांबणं शास्त्राला धरूनच आहे. असं शास्त्र आम्हाला पटतं. आम्ही थांबतो.

घरी मात्र हे चालत नाही. आमच्या फोनमधलं ॲप फार समंजस आहे. सायकल थांबली की तेही थांबतं. त्यामुळे वर ठळक अक्षरांत येतं, चाळीस किलोमीटर, मूव्हिंग टाइम सव्वादोन तास. मिसळ त्यात कुठेच नाही. झाडही नाही. गटावर आम्ही हेच टाकतो आणि परगावचे नातेवाईक अंगठे देतात. पण बायकोने एकदा खाली बोट सरकवलं. तिथे बारीक अक्षरांत इलॅप्स्ड टाइम लिहिलेला असतो.

"पावणेपाच तास," ती म्हणाली. "मधले अडीच तास तुम्ही काय करता हो?"

मी पंक्चरचं काही सांगणार होतो. पण तिने तोवर फोटो मोठा करून जर्सीवरचा डाग पाहिला होता.

"मग मलाही सांगत जा की. मी येईन स्कूटरवर नऊ वाजता. मला साधी मिसळ सांगा, तो गुलाबजाम नको."

ती आली. आली ती दंतवैद्यांच्या बायकोला मागे बसवून आली. दोघी न दमता, न घामेजता, केस जागच्या जागी. दोघींनी आमच्याइतकीच खाल्ली, वर ताक प्यायल्या, आणि मास्तरांनी जूल काढायला सुरुवात केली तेव्हा "आमच्यासाठी पेट्रोलचा काढा" असं म्हणाल्या. निघताना दंतवैद्यांनी सहज विचारून पाहिलं, की स्कूटरला मागून दोरी बांधून सायकल ओढता येते का. पुण्यात डबलसीटला पूर्वी दंड होता, तर ट्रिपलला काय असेल, हा विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता.

आम्ही आधी निघालो. घाटाच्या मधोमध, लसूण आणि तर्री यांच्या दरम्यान कुठेतरी, मागून हॉर्न वाजला. बायकोने स्कूटर माझ्या बरोबरीने आणली. माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी, कारण ती पुढे निघून गेली नाही. माझ्यासोबत चालवू लागली. मीही जरा जोर लावला. थोड्या वेळाने स्कूटर आचके द्यायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "इतकी हळू नाही चालवता येत हो. बंद पडते ती." आणि मूठ पिळून गेली.