परक्या समाजाची जाण पडद्यावरून येत नाही, हे कितपत खरे?

आपत्तीविषयक आंतरराष्ट्रीय ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल एक विधान सध्या पुष्कळ फिरते आहे: आपत्तीचे शास्त्र सगळीकडे एकच असते, परक्या समाजाची जाण तिथे राहिल्याशिवाय येत नाही, आणि म्हणून दोन देशांतल्या विद्यार्थ्यांना पडद्यावर एकत्र बसवून प्रमाणपत्रापलीकडे काही हाती लागत नाही. यातला पहिला मुद्दा दिशाभूल करणारा आहे, दुसरा अर्धवट आहे आणि तिसऱ्यात मात्र तथ्य आहे.

भूकंपलहरी किंवा वाऱ्याचा वेग देश पाहून बदलत नाहीत, हे खरेच. पण माणूस वेळेत घराबाहेर पडतो की नाही, हे इशारा ऐकून त्याला काय समजले यावर अवलंबून असते. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान चक्रीवादळ फिलिपिन्सवर आदळले, त्याआधीच समुद्राचे पाणी आत घुसण्याचा इशारा देण्यात आला होता. मात्र त्यातल्या 'स्टॉर्म सर्ज' या इंग्रजी शब्दाचा अर्थ टॅक्लोबान या किनारी शहरातल्या अनेकांना लागलाच नाही, आणि 'त्सुनामी' म्हटले असते तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेल्यांपैकी कित्येकांनी नंतर सांगितले. त्या वादळात ६,००० हून अधिक माणसे गेली. याउलट इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीपासून 'स्मोंग' (त्सुनामीसाठीचा तिथला शब्द) हा शब्द घराघरांत सांगितला जात होता. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, की थेट टेकडी गाठायची, एवढेच आजी-आजोबांनी नातवंडांच्या मनावर बिंबवले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भूकंपाचे केंद्र अगदी जवळ असूनही सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसे दगावली. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून शिकवली नाहीत, तर शास्त्रही अपुरेच शिकवले जाते.

दुसऱ्या मुद्द्यात, प्रत्यक्ष वास्तव्याला पर्याय नाही, हे मान्य करायला हवे. पण वास्तव्याने जाण आपोआप येते, हे गृहीतक टिकत नाही. बांगलादेशात चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम १९७२ पासून त्याच देशातले लोक चालवत होते, तरीही १९९१ च्या वादळात मृत्युमुखी पडलेल्या सुमारे १,३८,००० जणांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात शिरण्याचा संकोच आणि घरातल्या पुरुषाला विचारल्याशिवाय बाहेर न पडण्याची रीत, ही त्यामागची काही कारणे होती. जे रोजचे असते ते डोळ्यांआड राहते. बाहेरच्या माणसाचा साधा प्रश्न इथे कामाला येतो.

समजा, दोन देशांतल्या विद्यार्थ्यांना 'ताबडतोब सुरक्षित ठिकाणी जा' हे एकच वाक्य दिले. पुराच्या प्रदेशातली मुलगी लिहिते, वरच्या मजल्यावर; भूकंपाच्या प्रदेशातला मुलगा लिहितो, इमारतीबाहेर मोकळ्या जागेत. मग तो तिला विचारतो की अंथरुणाला खिळलेल्या आजीला जिन्यावरून वर कोण नेणार, आणि तिच्या लक्षात येते की हा विचार आपल्या घरात कधी झालेलाच नाही. सांस्कृतिक जाण मला तरी अशीच येताना दिसते: परक्याच्या चालीरीती पाठ करून नव्हे, तर आपलीच गृहीतके दुसऱ्याला समजावताना अडखळून.

उरला प्रमाणपत्राचा मुद्दा. ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकवायची, ज्यांचे इंग्रजी सफाईदार त्यांनी बोलायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, असा वर्ग चालत असेल तर टीका रास्तच आहे. नेटवर्क आणि वेळेतल्या फरकामुळे गळणारे विद्यार्थी वेगळेच. पण हा दोष आखणीचा आहे. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या सेंदाई आराखड्यानेही वैज्ञानिक ज्ञानाला स्थानिक व पारंपरिक ज्ञानाची जोड देण्यास सांगितले आहे. तेव्हा दोन्ही गटांनी मिळून इशारा लिहावा, प्रत्येकाने तो आपापल्या भाषेत घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी कुठे 'म्हणजे काय?' असे विचारले, ते पुढच्या सत्रात सर्वांसमोर मांडावे.