लक्षात येण्याचा हिशेब

मराठी माणसाच्या लक्षात गोष्टी येतात. त्यासाठी त्याला स्वतःला काही करावे लागत नाही. गॅस चालूच राहिला आहे किंवा सदऱ्याचे बटण वरखाली लागले आहे ही जाणीव आपल्या सवडीने येते, आणि ती न आल्यास "माझ्या लक्षातच आले नाही" असे म्हणून माणूस मोकळा होतो. न येण्याचा दोष तिचा. माद्रिदमध्ये राहू लागल्यापासून या सुखाला मी पारखा झालो आहे.

स्पॅनिशमध्ये हे काम ज्याचे त्याने, स्वतःवरच करायचे असते. क्रियापद आहे 'दार्से क्वेंता'. 'दार' म्हणजे देणे, 'से' म्हणजे स्वतःला आणि 'क्वेंता' म्हणजे हिशेब. 'मे दोय क्वेंता', मी मला हिशेब देतो. 'तू' आला की 'ते दास', 'आम्ही' आलो की 'नोस दामोस'. मात्र पाच जणांच्या एकदम लक्षात आले तरी क्वेंता एकवचनीच राहते. बारमध्ये बिल मागतानाही हाच शब्द वापरतात, आणि ती क्वेंता टेबलावर आली की पाचांपैकी चौघांना एकाएकी घरची कामे आठवतात.

इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे आलेल्यांना 'रिअलाइझ'सारखे दिसणारे 'रेआलिथार' हे क्रियापद लांबूनच खुणावते. त्याचा अर्थ मात्र पार पाडणे असा आहे, आणि दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाच्या दिग्दर्शकाला 'रेआलिथादोर' म्हणतात. 'उशीर झाल्याचे माझ्या लक्षात आले' हे या क्रियापदाने सांगू पाहणारा माणूस आपण उशीर यथासांग पार पाडला असे सांगत असल्याचा भास होतो.

पुढे काळाचा प्रश्न येतो. आज सकाळी लक्षात आले असेल तर 'मे ए दादो क्वेंता' आणि काल आले असेल तर 'मे दी क्वेंता', म्हणजे तोंड उघडण्यापूर्वी आपल्या जाणिवेची तारीख ठरवून ठेवावी लागते. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आजचे लक्षात येणेही 'मे दी'वर भागते. तिथल्या लोकांचा मला या एका बाबतीत हेवा वाटतो. त्यानंतर 'के', म्हणजे आपले 'की', आणि त्याच्या आधी 'दे' हवाच. हा 'दे' स्पॅनिश लोक स्वतः सर्रास गाळतात आणि नको तिथे घुसडतातही. गाळण्याला 'केईस्मो' आणि घुसडण्याला 'देकेईस्मो' अशी नावे आहेत आणि 1713 साली स्थापन झालेली इथली भाषेची अकादमी दोन्हींवर डोळे वटारून असते. त्यांनी गाळला तर ती बोलण्याची ढब आणि मी गाळला तर ते अज्ञान, एवढाच काय तो फरक. मालागाचे विनोदवीर चिकीतो दे ला काल्थादा यांनी तर 1990च्या दशकात या शब्दप्रयोगातला शेवटचा 'ता'च गिळून टाकला, आणि त्यांचे ते अर्धवट 'ते दास क्वेन' देशभर लोकांच्या तोंडी बसले.

खरी गंमत विसरण्याची आहे. आपण मराठीत 'मी विसरलो' असे सरळ स्वतःच्या नावावर मांडतो. स्पॅनिश माणूस 'से मे ओल्विदो' म्हणतो, म्हणजे ती गोष्टच त्याच्याकडून विसरली गेली. हातातला पेला फुटला तरी पेलाच आपणहून फुटला आणि हा बापडा शेजारी उभा होता, अशी वाक्याची रचना. लक्षात आले तर कर्तबगारी याची आणि विसरले तर करणी वस्तूची! आपण याच्या नेमके उलट करतो, श्रेय जाणिवेला देतो आणि चूक पदरात घेतो. इतक्या सोशिक व्याकरणात वाढलेल्या माणसाने ऐन प्रसंगी बाजू बदलायची कशी?

हा ऐन प्रसंग परवा मेट्रोत आला. समोरच्या आजीबाई उठून दाराकडे निघाल्या आणि त्यांचा हातमोजा खाली पडला. त्यांच्या ते लक्षात आले नव्हते. म्हणजे लक्षात येणे त्यांचे, पडणे मोज्याचे, दोन्ही आजचे, आणि आजी वयाने मोठ्या असल्यामुळे तू-चा 'ते' चालणार नाही, आदरार्थी 'से' हवे. मी मनाशी जुळवाजुळव केली: 'नो से आ दादो क्वेंता दे के से ले आ काईदो एल ग्वांते', म्हणजे 'ग्वांते', हातमोजा, पडल्याचे तुमच्या लक्षात आलेले नाही. पहिला 'से' आजींचा, दुसरा मोज्याचा, मधला 'दे' अकादमीचा. वाक्य निर्दोष झाल्याची खात्री करून मी तोंड उघडले, तेवढ्यात दार लागण्याची सूचना वाजू लागली आणि शेजारी मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या पोराने मान वर न करता हाक मारली, "सेन्योरा, एल ग्वांते!"