रायझोबियमने कांद्याला गाठी येत नाहीत

निफाड-लासलगाव भागातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कांद्याची रोपं रायझोबियमच्या (सोयाबीन-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र मिळवून देणारा जिवाणू) द्रावणात बुडवून लावा, मुळांवर गाठी येतील, युरिया लागणार नाही. हे चूक आहे. कृपा करून या भरवशावर नत्राचा हप्ता चुकवू नका.

गाठ तयार होते ती मूळ आणि जिवाणू या दोघांच्या बोलण्यातून. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डेडझीनसारखी फ्लेव्होनॉइड द्रव्यं मातीत सोडतं. ओळखीच्या जिवाणूतल्या ‘नॉड-डी’ प्रथिनाला ती कळली की जिवाणू उलट ‘नॉड फॅक्टर’ नावाचे रेणू पाठवतो. मग मूळरोम, म्हणजे मुळावरचा बारीक केस, वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत वाट देतो. द्विदल पिकांतही ही बोली वेगवेगळी असते. म्हणून तर हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला चालत नाही. कांद्याकडे गाठ बांधायची यंत्रणाच नाही.

कांद्याची खरी सोबत मायकोरायझा बुरशीशी. मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडून तिला बोलावतात, ती लांबचं स्फुरद आणून देते. उथळ मुळांच्या, मूळरोम जेमतेम असलेल्या या पिकाला ती फार मोलाची आहे. पण जमिनीत स्फुरद भरपूर झालं की ही हाकच मंदावते, तेव्हा डीएपी या स्फुरदयुक्त खताची गोणी फोडण्याआधी माती तपासून घ्या.